स्ट्राँगच्या बाटलीकडून क्राफ्ट बिअरकडे: कोल्हापूरकरांसाठी एक सविस्तर वाट

कोल्हापुरात बिअर म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ६५० मिलिलिटरची, बाहेरून घाम सुटलेली बाटली उभी राहते आणि ती बाटली बहुधा स्ट्राँगची असते. बिअर शॉपीच्या काउंटरवर "दोन स्ट्राँग, गार द्या" एवढे सांगितले तरी काम भागते, कारण ब्रँड कोणता यापेक्षा फ्रीजमधली सर्वांत थंड बाटली कोणती, यावर गिऱ्हाईक आणि दुकानदार यांचे आधीच एकमत झालेले असते. त्या बाटलीची निंदा करण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. ती अनेक वर्षे पीत आलेल्या आणि आता जरा वेगळी, चवीने पिण्याजोगी बिअर, म्हणजे लहान ब्रूअरींनी चवीवर भर देऊन बनवलेली क्राफ्ट बिअर, शोधू पाहणाऱ्या वाचकाने सुरुवात कोठून करावी, काय विकत घ्यावे, ते कसे प्यावे आणि पैसे कोठे वाया जातात, हे क्रमाने सांगण्याचा हेतू आहे.

माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. ही वाट ब्रँड बदलल्याने सुरू होत नाही. आधी अल्कोहोलची टक्केवारी खाली आणावी लागते, नंतर टिनवरची तारीख वाचण्याची सवय लावावी लागते आणि या दोन गोष्टी जमल्यावरच महागड्या टिनला हात घालण्यात अर्थ असतो. हा क्रम उलटा केला, म्हणजे थेट एखादी नावाजलेली आयपीए ही कडवट जातीची बिअर आणून बर्फासारखी गार करून बाटलीनेच तोंडाला लावली, तर "एवढे पैसे देऊन हा काढा कशाला प्यायचा" हा निष्कर्ष ठरलेला असतो आणि माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा स्ट्राँगकडे वळतो.

सध्याच्या बाटलीत काय असते

बिअरचे मूळ घटक चार आहेत: पाणी, जवाचे माल्ट, हॉप आणि यीस्ट. जव भिजवून त्याला मोड आणले जातात, ते मोड योग्य वेळी भट्टीत वाळवून थांबवले जातात आणि जे तयार होते ते माल्ट. त्यातून गोडवा, रंग आणि अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा भरीवपणा, येतो. हॉप ही एका वेलीची फुले असून कडवटपणा आणि सुगंध त्यांच्यामुळे मिळतो; भारतात हिमाचल प्रदेशातील लाहौलच्या थंड पट्ट्यात त्यांची थोडी लागवड होते, मात्र बहुतांश हॉप परदेशातूनच येतात. यीस्ट माल्टमधील साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते, आणि त्याच ओघात चवीची कितीतरी सूक्ष्म द्रव्येही निर्माण करते.

स्वस्त आणि मोठ्या प्रमाणावर विकल्या जाणाऱ्या बिअरमध्ये माल्टच्या जोडीला तांदूळ, मका किंवा साखर वापरली जाते. याला भेसळ म्हणणे चुकीचे आहे. बडवायझरमध्ये तांदूळ असतो आणि कंपनी ते लपवत नाही. तांदळामुळे बिअर हलकी, कोरडी आणि चटकन घशाखाली उतरणारी होते. लाखो बाटल्यांना वर्षभर तीच चव देणे हे तांत्रिकदृष्ट्या अवघड काम आहे, हेही मान्य करायला हवे. प्रश्न येतो तो स्ट्राँगच्या बाबतीत. अल्कोहोल ८ टक्क्यांपर्यंत नेण्यासाठी साखर वाढवली जाते आणि आंबवण्याची क्रिया लवकर उरकली, तर यीस्टवर ताण येऊन जड प्रकारची अल्कोहोले जास्त तयार होतात. घशात जाणवणारी ती उष्ण, काहीशी थिनरसारखी झाक तेथूनच येते. स्ट्राँग बिअर अतिशय गार असल्याशिवाय पिववत नाही याचे कारण हेच, कारण थंडीने जीभ बधिर झाली की ती झाक लपते.

येथे एका समजुतीचाही निकाल लावून टाकू. काही जण बाटली उघडून पाण्याच्या ग्लासात उपडी धरतात आणि खाली उतरणारी पिवळसर धार दाखवून "हे बघा ग्लिसरीन निघाले" असे सांगतात. ती धार ग्लिसरीनची नसते. बिअरमध्ये न आंबलेली शर्करा शिल्लक असल्याने ती पाण्याहून किंचित जड असते आणि जड द्रव खाली उतरतो. या प्रयोगाने डोकेदुखी कमी होत नाही, फक्त बिअर पातळ होते.

पहिली पायरी: टक्केवारी खाली आणणे

अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या मानकांनुसार ५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली बिअर माईल्ड आणि ५ टक्क्यांच्या वर ८ टक्क्यांपर्यंत असलेली स्ट्राँग. हा फरक कागदावर तीन टक्क्यांचा दिसतो, पण पोटात गेल्यावर त्याचा अर्थ निराळा होतो. ८ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटर बाटलीत ५२ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असते. आपल्याकडच्या व्हिस्कीत सामान्यतः ४२.८ टक्के अल्कोहोल असते, त्यामुळे ६० मिलिलिटरच्या एका पेगमध्ये साधारण २६ मिलिलिटर उतरते. म्हणजे स्ट्राँगची एक मोठी बाटली दोन मोठ्या पेगांच्या बरोबरीची झाली. याउलट ५ टक्क्यांच्या ३३० मिलिलिटर पिंटमध्ये साडेसोळा मिलिलिटर अल्कोहोल असते. "मी फक्त दोन बिअर घेतो" असे म्हणणारा माणूस दोन स्ट्राँग बाटल्या घेत असेल, तर तो प्रत्यक्षात चार मोठे पेग घेत असतो.

क्राफ्ट बिअरच्या बहुतेक शैली साडेचार ते साडेसहा टक्क्यांच्या दरम्यान असतात. ज्याचे शरीर आठ टक्क्यांच्या झिंगेला सरावलेले आहे, त्याला या बिअरमध्ये "काही लागतच नाही" असे वाटते आणि चव लक्षात येण्याआधीच तो निराश होतो. म्हणून पहिले काही आठवडे क्राफ्टचे नावही काढू नये. आज जी कंपनी पीत असाल तिचीच माईल्ड घ्यावी. किंगफिशर, ट्युबोर्ग अशा बहुतेक मोठ्या नावांत दोन्ही प्रकार असतात. प्रमाण मात्र वाढवू नये. स्ट्राँगच्या एका बाटलीऐवजी माईल्डच्या दोन बाटल्या घेतल्या तर मुद्दाच हरवतो. या काळात एकच लक्ष्य ठेवावे, ते म्हणजे पहिल्या घोटापासून शेवटच्या घोटापर्यंत चव कळत राहणे.

या पायरीवर पुष्कळ लोक कंटाळतात, हे खरे आहे. माईल्ड लागर (थंडाव्यात सावकाश आंबवलेली, आपली नेहमीची सोनेरी बिअर) मुळातच सौम्य असते आणि तिच्यात शोधण्यासारखे फार नसते. तरीही हा टप्पा गाळू नये, कारण पुढच्या प्रत्येक बिअरची तुलना आपण मनात याच चवीशी करणार असतो.

दुसरी पायरी: तारीख, टिन आणि दुकानाचा फ्रीज

बिअर हा ताजा खाण्यापिण्याचा पदार्थ आहे, हे आपल्याकडे फारसे कोणी मानत नाही. व्हिस्की बाटलीत वर्षानुवर्षे टिकते, तशी बिअर टिकत नाही. उष्णता, प्राणवायू आणि प्रकाश हे तिचे तीन शत्रू आहेत आणि कोल्हापूरसारख्या, बिअरच्या मोठ्या केंद्रांपासून दूर असलेल्या शहरात या तिघांनाही भरपूर संधी मिळते. ट्रकमधला प्रवास, गोदामातला मुक्काम आणि शॉपीच्या कोपऱ्यात रचलेल्या पेट्या, एवढ्या टप्प्यांतून टिन आपल्या हातात येतो. मोठ्या कंपनीच्या लागरचा खप इतका असतो की ती फार काळ पडून राहत नाही. क्राफ्टचा टिन मात्र गिऱ्हाईक नसल्याने महिनोन्‌महिने तेथेच राहू शकतो, आणि त्याच्या नावाजलेपणाचा अशा वेळी काहीही उपयोग होत नाही.

म्हणून टिन उलटा करून तळावरची किंवा बाजूची उत्पादनाची तारीख वाचावी. अंतिम मुदत अजून उलटलेली नाही एवढ्यावर समाधान मानू नये. हॉपच्या सुगंधावर उभ्या असलेल्या पेल एल (एल म्हणजे लागरपेक्षा उबेला आंबवलेली बिअर) आणि आयपीए शक्यतो तीन महिन्यांच्या आत प्याव्यात, कारण सुगंध सर्वांत आधी उडतो आणि मागे नुसता कडवटपणा उरतो. गव्हाच्या बिअरही ताज्याच चांगल्या. स्टाउट, पोर्टर अशा गडद, भाजक्या चवीच्या बिअर थोडा उशीर सोसतात. परदेशातून आलेल्या बाटलीच्या बाबतीत ही तपासणी दुप्पट काटेकोरपणे करावी. जर्मनीहून आलेल्या बाटलीने समुद्रप्रवासात आणि गोदामात अर्धे आयुष्य घालवलेले असू शकते.

टिन आणि बाटली यांत निवड करायची झाल्यास टिन घ्यावा. प्रकाश पडला की हॉपमधील कडू द्रव्ये तुटून गंधकयुक्त संयुग तयार होते आणि बिअरला उग्र, कुबट वास येतो. तपकिरी काच हा प्रकाश बऱ्याच अंशी अडवते. हिरवी आणि पांढरी काच जवळजवळ अडवत नाही. हिरव्या बाटलीतील काही प्रसिद्ध लागरांचा तो विशिष्ट वास अनेकांना "इम्पोर्टेड चव" वाटतो, वास्तविक तो खराबीचा वास आहे. टिनमध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही.

ज्या शॉपीत क्राफ्टचे टिन फ्रीजमध्ये असतात आणि दुकानदार तारीख विचारल्यावर कपाळाला आठ्या घालत नाही, तेथेच नेहमीची खरेदी करावी. "मालक, ही पेटी कधी आली?" हा प्रश्न विचारायला संकोच वाटू नये. आपल्याकडे दुकानदाराशी ओळख झाली की तो स्वतःहून नवा माल आल्याचे सांगतो, आणि चार नियमित गिऱ्हाइके एखादा प्रकार मागू लागली तर तो प्रकार ठेवूही लागतो. राजारामपुरी असो, शाहूपुरी असो वा ताराबाई पार्क, हे सगळीकडे सारखेच चालते.

विकत घेतल्यानंतरची काळजी थोडक्यात सांगतो. एप्रिल-मेमध्ये टिन दुचाकीच्या डिकीत ठेवून गावभर हिंडू नये, घरी फ्रीजमध्ये उभे ठेवावे आणि साठा करू नये.

तिसरी पायरी: ग्लास आणि तापमान

पैसे न खर्चता सर्वांत मोठा फरक येथे पडतो, म्हणून या भागाकडे घाईने पाहू नये. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग वास असतो. बाटलीच्या अरुंद तोंडातून पिताना नाकापर्यंत काही पोहोचत नाही आणि विरघळलेला सगळा वायू थेट पोटात जाऊन फुगतो. बिअर ग्लासात ओतली की वायूचा काही भाग फेसावाटे निघून जातो, पोट जड होत नाही आणि फेसावर तरंगणारा सुगंध नाकाला मिळतो. खास जर्मन ग्लास आणण्याची गरज नाही. काचेचा, तोंडाशी किंचित निमुळता होणारा कोणताही मोठा ग्लास चालतो. स्टीलचा पेला मात्र नको, कारण रंग आणि फेस दिसला पाहिजे.

ग्लास तेलकट नसावा. ज्या ग्लासात ताक किंवा दूध प्यायले गेले आहे त्याच्या कडेला स्निग्धपणा राहतो आणि फेस क्षणात बसतो. ग्लास धुऊन, साबणाचा अंश राहणार नाही इतका खंगाळून, ओला असतानाच उजेडात धरून पाहावा: पाण्याचा पडदा सलग ओघळला तर ग्लास स्वच्छ आहे, थेंब थेंब तुटून राहिले तर तो पुन्हा धुवावा. ओतताना ग्लास तिरपा धरून निम्मी बिअर बाजूने सोडावी, मग ग्लास सरळ करून उरलेली मधोमध ओतावी, म्हणजे दोन बोटे फेस येतो. फेस आला म्हणून फसवणूक झाली असे समजू नये. त्याला जागा द्यावी लागते, इतकेच.

तापमानाबाबत आपली सवय सर्वांत घट्ट आहे. "चिल्ड" हा आपल्याकडे बिअरचा एकमेव गुण मानला जातो. लागर आणि पिल्सनर ४ ते ७ अंश सेल्सिअसला ठीक लागतात, म्हणजे फ्रीजमधून काढून लगेच प्यायला हरकत नाही. गव्हाच्या बिअरला थोडी कमी थंडी चालते. पेल एल आणि आयपीए ७ ते १० अंशांना खुलतात आणि स्टाउट १० ते १३ अंशांना. यासाठी थर्मामीटर लागत नाही. पावसाळ्यात किंवा थंडीत एल दहा मिनिटे बाहेर ठेवावी, उन्हाळ्यात पाच मिनिटे पुरतात, आणि स्टाउटला याच्या दुप्पट वेळ द्यावा. फ्रीझरमध्ये पांढरा केलेला ग्लास वापरू नये आणि बर्फ तर नाहीच नाही.

चौथी पायरी: कोणत्या क्रमाने काय प्यावे

येथे ब्रँडपेक्षा शैली लक्षात ठेवावी, कारण क्राफ्टचे ब्रँड येतात आणि जातात, आज मिळणारा टिन सहा महिन्यांनी शॉपीत दिसेलच असे नाही. शैलीचे नाव ठाऊक असले की समोर जे असेल त्यातून निवडता येते. रंगीत चित्राचा टिन म्हणजे क्राफ्ट असेही समजू नये; आणि महाग, परदेशी नावाची लागर म्हणजे क्राफ्ट हा तर सर्वांत रूढ गैरसमज आहे. हायनिकेन किंवा कोरोना या प्रचंड कंपन्यांच्याच बिअर आहेत. त्यांना वाईट म्हणण्याचे कारण नाही, पण त्यांच्यासाठी दिलेला जादा पैसा चवीपेक्षा नावासाठी अधिक जातो.

पहिला मुक्काम शंभर टक्के माल्टच्या लागरचा किंवा पिल्सनरचा असावा. पिल्सनर ही शैली बोहेमियातील प्लझेन या गावी १८४२ साली जन्मली आणि जगातील बहुतेक सोनेरी लागर तिच्याच लेकी-नाती आहेत. नेहमीच्या माईल्डशेजारी ठेवून ती प्यायली की ताज्या पावाचा माल्टचा वास आणि शेवटी येणारा स्वच्छ कडवटपणा या दोन गोष्टी प्रथमच वेगवेगळ्या कळतात. हे एवढे कळले तरी पुष्कळ झाले.

दुसरा मुक्काम गव्हाच्या बिअरचा, आणि माझ्या मते कोल्हापूरकराला क्राफ्टची गोडी लागायची असेल तर ती येथेच लागेल. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. जर्मन हेफेवायझन गढूळ असते, तिच्यात निम्म्याहून अधिक माल्ट गव्हाचे असते आणि तिला पिकलेल्या केळ्याचा व लवंगेचा वास येतो. त्यात केळे किंवा लवंग घातलेली नसते. तिचे खास यीस्ट आंबवतानाच तशी द्रव्ये तयार करते. बाटलीतील असेल तर शेवटची दोन बोटे बिअर हलकेच घुसळून, तळाचे यीस्ट मिसळून ओतावी. दुसरा प्रकार बेल्जियन विटबिअरचा, जिच्यात माल्ट न केलेला गहू, धने आणि संत्र्याची साल असते. बेल्जियममधील हुगार्डन गावात ही शैली जवळजवळ नामशेष झाली होती. पिएर सेलिस यांनी ती १९६० च्या दशकात पुन्हा उभी केली आणि त्या गावाच्या नावाची बिअर आज भारतातही मिळते. आपल्याकडच्या क्राफ्ट कंपन्यांनी विटबिअरवर विशेष भर दिलेला आहे. मुंबईच्या व्हाईट आउलची स्पार्क आणि छत्तीसगडच्या सिम्बाची विट ही त्याची उदाहरणे, आणि २०१५ मध्ये बाजारात आलेल्या बिरा ९१ ची व्हाईट हीदेखील गव्हाचीच. या बिअरमध्ये कडवटपणा नगण्य असतो, त्यामुळे स्ट्राँगच्या गोडसर चवीला सरावलेली जीभ बिचकत नाही.

गव्हाच्या बिअरवर निवांत रमावे. अनेक जण येथेच थांबतात आणि थांबण्यात काहीही कमीपणा नाही.

पुढे जायचे असेल तर अंबर किंवा रेड एल आणि पेल एल यांच्याकडे वळावे. अंबरमध्ये माल्ट थोडे अधिक भाजलेले असते आणि त्यातून काकवीसारखा दाट, तांबूस गोडवा येतो. कागल-करवीरच्या गुऱ्हाळांवर वाढलेल्या माणसाला तो ओळखीचा वाटेल. पेल एलमध्ये हॉपची बाजू वर येते: लिंबू, संत्रे, कधी आंबा किंवा पेरू यांची आठवण करून देणारे वास. तिचा कडवटपणा पहिल्या घोटाला टोचतो, तिसऱ्या-चौथ्या घोटाला जीभ जुळवून घेते. म्हणून पेल एलवर मत देण्यापूर्वी निदान निम्मा ग्लास प्यावा.

आयपीए म्हणजे इंडिया पेल एल ही त्याच्याही पुढची. गोवा ब्रूइंग कंपनीची एट फिंगर एडी हे या प्रकाराचे नावाजलेले भारतीय उदाहरण आहे. ही बिअर ताजी मिळाली तरच घ्यावी, नाहीतर वाट पाहावी. शिळ्या आयपीएने या शैलीबद्दल कायमचे वाईट मत होते. स्टाउट आणि पोर्टर यांचा रंग पाहून त्या जड आणि जास्त चढणाऱ्या असतील असे वाटते, परंतु पुष्कळशा साध्या स्टाउटमध्ये ५ टक्क्यांच्या आसपासच अल्कोहोल असते. काळा रंग भाजलेल्या जवाचा असतो आणि चव बिनदुधाच्या कॉफीकडे झुकणारी. ज्यांना कडक कॉफी आवडते त्यांनी आयपीएच्या आधीच स्टाउट घेऊन पाहिली तरी चालेल.

रश्श्याबरोबर काय

हा प्रश्न इथल्या वाचकाला सर्वांत महत्त्वाचा, आणि इंग्रजी पुस्तकांतले सल्ले येथे फारसे कामाचे नाहीत. तिखटाची आग लावणारे कॅप्सेसिन ज्या मज्जातंतूंना चेतवते, त्यांनाच अल्कोहोल आणखी संवेदनशील करते. कडवटपणा आणि जोरदार वायू त्यात भर घालतात. म्हणून तांबड्या रश्श्यासोबत आयपीए किंवा स्ट्राँग घेणे म्हणजे आगीत तेल. तांबड्या रश्श्याला गव्हाची बिअर बरोबर बसते, कारण तिचे अंग मऊ, कडवटपणा कमी आणि धन्याचा किंवा लवंगेचा वास आपल्या मसाल्याशी जुळणारा असतो. पांढरा रस्सा नारळाचे दूध, खसखस, काजू यांनी स्निग्ध असतो. त्याच्यापुढे कोरडी पिल्सनर घ्यावी, ती तोंड साफ करते. सुक्या मटणातील कांदा-खोबरे भाजल्याची चव आणि अंबर किंवा पोर्टरमधील भाजक्या माल्टची चव एकाच प्रकारच्या प्रक्रियेतून आलेली असते, त्यामुळे ती जोडी सहज जमते. भडंगाला साधी थंड लागर उत्तम, तेथे क्राफ्टचा आग्रह धरणे हा हट्ट आहे.

मात्र नव्या बिअरची पहिली ओळख चखण्याबरोबर करून घेऊ नये. पहिले चार घोट नुसते घ्यावेत, ताट त्यानंतर समोर ओढावे.

पाचवी पायरी: घरी तुलना करून पाहणे

क्राफ्टचा एक टिन नेहमीच्या त्याच आकाराच्या टिनपेक्षा बराच महाग पडतो आणि न आवडण्याची शक्यता असतेच. यावर उपाय म्हणजे चार मित्रांनी मिळून चार वेगळे टिन आणावेत आणि प्रत्येक टिन चौघांत वाटून घ्यावा. ३३० मिलिलिटरचे चार भाग केले की प्रत्येकाला ८० मिलिलिटरच्या आसपास मिळते, चव कळण्यास तेवढे पुरेसे असते आणि चार प्रकार चाखूनही एका पिंटपेक्षा जास्त पोटात जात नाही. क्रम फिकट, सौम्य बिअरपासून गडद आणि कडू बिअरकडे ठेवावा. आयपीए शेवटी, कारण तिच्यानंतर सौम्य काही लागत नाही. मध्ये साधे पाणी प्यावे. या चारांत एक टिन आपल्या जुन्या नेहमीच्या बिअरचा असू द्यावा आणि एकाने स्वयंपाकघरात जाऊन, नावे न सांगता ग्लास भरून आणावेत. ब्रँडचे नाव आणि किंमत डोळ्यांआड झाली की मते बदलतात, आणि कधी कधी जुनी लागरच पहिली येते. तसे झाले तर ते प्रामाणिकपणे मान्य करावे.

मोबाइलवर दोन ओळी लिहून ठेवाव्यात: शैली, उत्पादनाची तारीख, काय आवडले, काय खटकले. "मस्त" किंवा "बेकार" असे लिहून भागत नाही, कारण पुढच्या खरेदीला त्यातून काही कळत नाही. "केळ्याचा वास आवडला, शेवट फार गोड" असे लिहिले की शॉपीत नेमके काय मागायचे ते समजते.

घरीच बिअर तयार करण्याचे व्हिडिओ पाहून अनेकांना हुरूप येतो. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य बनवणे हा गुन्हा आहे, त्यामुळे तो विचार सोडून द्यावा. त्याच कायद्याखाली पिणाऱ्याकडेही परमिट असावे लागते, आणि महाराष्ट्रात माईल्ड बिअरसाठी वयाची किमान अट २१ वर्षांची आहे.

गोवा आणि पुणे

कोल्हापूरकर गोव्याला जातो तो आंबोली, फोंडा किंवा तिलारीच्या वाटेने, आणि परतताना डिकीत चार टिन टाकण्याचा मोह त्याला होतोच. राज्याचे उत्पादन शुल्क न भरलेले परराज्यातील मद्य परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणे बेकायदा आहे, आणि राज्य उत्पादन शुल्क विभाग या वाटांवर तपासणी करतो. चार टिनांसाठी गाडी जप्त होण्याची जोखीम घेऊ नये. गोव्याची बिअर गोव्यातच प्यावी. ती तेथे ताजी असते हा वेगळाच फायदा. निपाणी-बेळगावकडून आणलेल्या बाटलीलाही हाच नियम लागू होतो.

टिनमधल्या बिअरवरून क्राफ्टची पूर्ण कल्पना येत नाही, म्हणून एकदा तरी मायक्रोब्रूअरीत, म्हणजे बिअर तेथेच बनवून तेथेच वाढणाऱ्या लहान ब्रूअरीत, जाऊन टाकीतून थेट नळाला आलेली बिअर प्यावी. त्यासाठी जवळचे मोठे ठिकाण पुणे. २००९ मध्ये तेथे सुरू झालेली डूलाली ही महाराष्ट्रातील पहिली मायक्रोब्रूअरी, आणि त्यानंतर इंडिपेंडन्स ब्रूइंग कंपनी, एफिनगट, ग्रेट स्टेट एल वर्क्स अशी नावे पुण्यातून पुढे आली. तेथे गेल्यावर एकदम मोठा ग्लास मागवू नये. बहुतेक ठिकाणी लहान ग्लासांचा संच मिळतो, तो घ्यावा आणि आज कोणती बिअर नव्याने नळाला लावली आहे ते वाढणाऱ्याला विचारावे. ऋतूनुसार आंबा किंवा कोकम घातलेले प्रकार असतात. ते गमतीचे असतात, पण ब्रूअरीचा हात ओळखायचा तर तिची साधी हेफेवायझन किंवा लागर प्यावी, कारण साध्या बिअरमध्ये दोष लपवायला जागा नसते.

महामार्गाने सव्वादोनशे किलोमीटरहून अधिक अंतर आहे आणि वाहन चालवताना १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली कारवाई होते; ही मर्यादा दोन ग्लासांतही ओलांडली जाऊ शकते. त्यामुळे स्वतःची गाडी नेऊच नये. पुण्यात मुक्काम करावा, नाहीतर मुंबईहून येणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री पुण्यात धरावी, ती सकाळी कोल्हापुरात सोडते. शनिवार-रविवारी तिचे आरक्षण लवकर भरते, म्हणून तिकीट आधी काढावे आणि ब्रूअरीतले टेबल नंतर.